नौदलाच्या जहाजातून परदेशी निघालेल्या सैनिकासाठी: बंक मिळाल्यापासून उतरेपर्यंत

भूदलातली किंवा हवाई दलातली माणसं पहिल्यांदा नौदलाच्या जहाजावर चढतात, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात एकच हिशेब असतो: जहाज चालवणारे चालवतील, आपण पोचेपर्यंत पडून राहू. हा हिशेब पहिल्याच दिवशी मोडला तर बरं. जहाजाच्या कर्मचाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं खालच्या डेकांवर, म्हणजे मजल्यांवर, राहत असतात. त्यातल्या एकानं उघडं ठेवलेलं दार, एकानं गादीखाली चार्जिंगला लावलेली बॅटरी, एकानं संडासात टाकलेलं फडकं, याचा भार सगळ्या जहाजावर पडतो. तुमच्यासाठी इथे प्रवाशाची वेगळी जागा नसते, तुम्ही जहाजाचाच भाग होता. हे ज्याच्या अंगी लवकर मुरतं, त्याचा प्रवास चांगला जातो.

प्रत्येक नौदलाची शिस्त थोडी वेगळी असते. खाली दिलेल्या गोष्टींपैकी काही तुमच्या जहाजावर दुसऱ्या नावानं असतील. तिथला नियम आणि हा लेख यांत फरक पडला, तर तिथला नियम पाळा.

निघण्याआधी

सामान मऊ पिशवीत भरा. कडक सूटकेस जहाजावर कुठेच मावत नाही. मोठी किटबॅग बऱ्याचदा खालच्या साठवणीत जाते आणि मधेच काढून मिळत नाही, म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांचं सामान छोट्या पिशवीत वेगळं ठेवा. दोन जोड कपडे, त्याहून जास्त मोजे, अंघोळीसाठी रबरी चप्पल, टॉवेल, साबण, कानात घालायचे बोळे, पाण्याची बाटली, वही आणि पेन, लाल उजेडाचा छोटा टॉर्च. रोजच्या गोळ्या असतील तर त्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा जास्त घ्या आणि अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. एरवी दिवसभर पायात बूट असले पाहिजेत. लोखंडी शिडीवर चपलेनं पाय घसरतो आणि उंबरठ्यावर बोटं फुटतात.

सामानाइतकीच महत्त्वाची तयारी घरची, आणि नेमकी तीच राहून जाते. जहाज समुद्रात गेलं की फोन आणि इंटरनेट तुमच्या हातात राहत नाही. जहाजाचा ठावठिकाणा कळू नये म्हणून बाहेर जाणारे सगळे संदेश कधीही बंद केले जातात. जहाजावर कुणाला गंभीर इजा झाली, तर त्याच्या घरी अधिकृतपणे कळवेपर्यंतही संपर्क बंद ठेवण्याची पद्धत काही नौदलांत आहे. बंद का केला हे तुम्हाला त्या वेळी सांगतीलच असं नाही. म्हणून निघण्याआधी घरच्यांना समोर बसवून सांगा: फोन आला नाही, मेल आला नाही, याचा अर्थ फक्त संपर्क बंद आहे एवढाच. निघायची तारीख, बंदराचं नाव, वाटेतले थांबे घरीसुद्धा सांगू नका. घरी सांगितलेलं दाराबाहेर जायला वेळ लागत नाही. बँकेची, बिलांची, मुलांच्या शाळेची कामं कुणी बघायची, हे लिहून ठेवून निघा.

चढताना

गँगवेवरून, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर जायच्या पुलावरून, एकेकानं चढायचं असतं आणि एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. झेंड्याला किंवा क्वार्टरडेकला, म्हणजे डेकच्या मानाच्या भागाला, सलामी देण्याची रीत बहुतेक नौदलांत आहे. पुढचा माणूस काय करतो ते पाहा आणि तसंच करा.

वर पोचल्यावर यादीत तुमच्या नावापुढे खूण होते. ही यादी फार जपण्याची गोष्ट आहे. उद्या काही झालं तर कोण सापडलं, कोण नाही हे त्याच कागदावरून ठरतं. मित्राच्या ऐवजी तुम्ही किंवा तुमच्या ऐवजी मित्र, असा बदल परस्पर कधीच करू नका.

हत्यारं शस्त्रागारात आणि दारूगोळा कोठारात जमा होतो. सगळे खिसे, पाऊच आणि पिशव्यांचे तळ उलटे करून बघा. राहून गेलेली एक सुटी गोळीसुद्धा आगीच्या वेळी तुमच्या शेजाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

तुम्हाला एक कार्ड मिळेल. त्यावर बंकाचा म्हणजे झोपायच्या जागेचा क्रमांक, जेवणाची पाळी, संकटकाळी जमण्याची जागा म्हणजे मस्टर स्टेशन, आणि बहुधा तराफ्याचा क्रमांक असेल. गर्दी आवरायची ही पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक वाहून नेणाऱ्या क्वीन मेरी जहाजावर जुलै १९४३ मधल्या एका फेरीत १६,६८३ माणसं होती. एवढी माणसं घेऊन निघालेलं जहाज सावरायचं तर त्यांचं इकडून तिकडे फिरणंच बांधून ठेवावं लागतं. तिथे जहाजाचे लाल, पांढरा आणि निळा असे तीन भाग पाडले होते, प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या भागाचा बिल्ला असे आणि त्यानं आपल्या भागातच राहायचं असे. बंक पाळीपाळीनं वापरले जात आणि जेवण दिवसातून दोनदा मिळे. आज गर्दी एवढी नसते, पण कार्डामागचं कारण तेच आहे.

पहिला तास: दिशा आणि पत्ता

जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहा. डावी बाजू पोर्ट, तिचा दिवा लाल. उजवी बाजू स्टारबोर्ड, तिचा दिवा हिरवा. टोकाकडे जाणं म्हणजे फॉरवर्ड, मागे जाणं म्हणजे आफ्ट. तुमचं तोंड कुठेही असलं तरी पोर्ट ती पोर्टच राहते. अंधारात कुणी ओरडून दिशा सांगितली तर गोंधळ होत नाही तो यामुळेच.

भिंतींवर रंगवलेले आकडे असतात, ते वाचायला शिका. अमेरिकी नौदलाच्या पद्धतीत २-७५-१-एल असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा डेकचा. दुसरा फ्रेमचा, फ्रेम म्हणजे जहाजाच्या फासळ्या, त्या पुढच्या टोकापासून मागे मोजत जातात. तिसरा आकडा मधल्या रेषेपासूनची बाजू सांगतो: विषम असेल तर स्टारबोर्ड, सम असेल तर पोर्ट, शून्य असेल तर बरोबर मध्ये. शेवटचं अक्षर त्या जागेचा उपयोग सांगतं, एल म्हणजे राहण्याची जागा. इतर नौदलांत रचना वेगळी असते, पण डेक, लांबी आणि बाजू या तीन गोष्टी कुठल्या ना कुठल्या रूपात सांगितलेल्या असतातच. हे एकदा डोक्यात बसलं की एकसारख्या दिसणाऱ्या अरुंद वाटांमध्ये हरवायला होत नाही. फ्रेमचे आकडे वाढत चालले असतील तर तुम्ही मागे चालला आहात.

धावपळीच्या वेळी समोरासमोर धडक होऊ नये म्हणून अनेक जहाजांवर ठरलेलं असतं: वर आणि पुढे जायचं ते स्टारबोर्डच्या बाजूनं, खाली आणि मागे जायचं ते पोर्टच्या बाजूनं. तुमच्या जहाजावर काय आहे ते पहिल्याच दिवशी विचारा.

शिड्या जवळजवळ उभ्या असतात. उतरताना तोंड शिडीकडे, एक हात कायम कठड्यावर. दोन्ही हातांत सामान असेल तर एक फेरी जास्त मारा.

डोळे मिटून बाहेर पडण्याचा सराव

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

आग लागली की आधी दिवे जातात, मग धूर येतो, आणि धुरात स्वतःचा हात दिसत नाही. त्या वेळी डोळ्यांना जे आठवतं त्याचा उपयोग नसतो. हातांना आणि पायांना वाट माहीत असावी लागते.

पहिल्या संध्याकाळी बंकावरून उतरा आणि उघड्या डेकपर्यंत चालत जा, मोजत जा. उजवीकडे वळून बंकांच्या चार रांगा. मग दार, त्याला नडगीएवढा उंबरठा. बाहेर पडल्यावर डावीकडची भिंत, तिच्यावर कमरेच्या उंचीला एक पाइप, तो संपतो तिथे आगीच्या नळीची पेटी. पेटीनंतर तीन पावलांवर शिडी, पायऱ्या अकरा, वर हॅचची, म्हणजे डेकमधल्या झाकणदार तोंडाची, कड. तुमच्या वाटेचे आकडे वेगळे असतील, ते वहीत लिहा. मग तीच वाट परत चाला, पण हाताच्या उलट्या बाजूनं भिंत चाचपत. उलटी बाजू अशासाठी की तापलेल्या लोखंडाला किंवा उघड्या तारेला तळहात लागला तर बोटं आवळली जातात.

दुसऱ्या दिवशी जोडीदार घ्या. त्यानं मागून चालायचं, तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधायची. त्यानं बोलायचं नाही, फक्त पडायला लागलात तर धरायचं. पहिल्यांदा बहुतेक जण उंबरठ्यापाशी किंवा शिडी शोधताना अडकतात. न अडकता जमेपर्यंत करा, मग अदलाबदल करा, आणि मग दुसऱ्या वाटेनं हेच सगळं पुन्हा. एकच वाट पाठ असणं धोक्याचं आहे, कारण आग त्याच वाटेवर असू शकते. हा सराव वरिष्ठांना सांगून आणि वर्दळ नसताना करा. बहुतेक अधिकारी खुशीनं परवानगी देतात.

बंकाजवळ किंवा वाटेत सुटकेचा श्वसनसंच असतो. त्यातली हवा थोडीच मिनिटं पुरते, म्हणजे बाहेर पडण्यापुरतीच. तो घालून आग विझवायला किंवा सामान आणायला जायचं नसतं. तो डोळे मिटून घालता आला पाहिजे.

लाइफजॅकेट फुगवण्याचं असेल तर ते जहाजाच्या आत कधीही फुगवू नका. पाणी शिरलेल्या खोलीत फुगलेलं जॅकेट तुम्हाला छताला दाबून धरतं आणि पाण्याखालच्या दारातून बाहेर पडता येत नाही. अंगात घाला, पट्टे आवळा, फुगवायचं ते उघड्यावर आल्यावर.

दारं

जहाज बुडू नये म्हणून त्याचे पाणबंद कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहतात, पण दारं बंद असतील तरच. म्हणून दार जसं सापडलं तसंच मागे सोडायचं. बंद होतं तर आपण गेल्यावर बंद करायचं, तेही सगळ्या कड्या लावून. एक कडी लावून पळणाऱ्याचं दार बंद धरत नाहीत.

अनेक नौदलांत दारांवर आणि हॅचवर एक्स, वाय, झेड अशी अक्षरं रंगवलेली असतात. एक्स असलेलं दार कायम बंद असतं, वापरापुरतंच उघडतं. वाय असलेलं साधारणपणे समुद्रात बंद असतं. झेड असलेलं लढाईच्या तयारीत किंवा संकटात बंद होतं. बंद असायला हवं असं दार उघडायचं असेल तर नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. आळसापायी कुणी दार दोरीनं बांधून उघडं ठेवलेलं दिसलं तर सोडा आणि कळवा. यात चुगली वगैरे काही नाही.

दार उघडं राहणार असेल तर ते त्याच्या हुकात अडकवा. जहाज कललं की जड पोलादी दार आपोआप फिरतं, आणि चौकटीवर ठेवलेली बोटं जातात.

बंक

तीन मजली बंक, अंग मावेल एवढी गादी, एक पडदा, एक छोटा दिवा, खाली किंवा बाजूला कप्पा. निवडायला मिळालं तर मधला घ्या. वरच्याच्या डोक्याशी पाइप आणि तारा असतात, खालच्याच्या नाकाशी सगळ्यांचे पाय. निवडायला मिळणं मात्र क्वचितच.

पट्टा असेल तर समुद्र खवळल्यावर तो लावून झोपा. पट्टा नसेल तर दुमडलेलं पांघरूण गादीच्या बाहेरच्या कडेखाली सरकवा, म्हणजे अंग भिंतीकडे राहतं. ओले कपडे बंकावर वाळत घालू नका, त्यानं सगळ्या खोलीची हवा दमट होते आणि आठवडाभरात जांघा आणि बोटांच्या बेचक्या खाजायला लागतात. पाय रोज कोरडे करा.

रात्री लाल दिवा असतो, कारण लाल उजेडानं अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. पांढरा टॉर्च किंवा मोबाइलचा पडदा तिथे चालत नाही. दिवसा झोपलेल्या माणसाकडे बघून तो आळशी आहे असं ठरवू नका, तो बहुधा पहाटेची पाळी करून आलेला असतो. त्याच्या झोपेला जहाजावर सगळ्यात जास्त मान द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बंकात चार्जिंग करायचं नाही. ठरवून दिलेल्या जागी, डोळ्यांदेखत करायचं. लिथियमची बॅटरी पेटली तर गादी आणि पडदा पेटायला वेळ लागत नाही. जुलै २०२० मध्ये सान दिएगो बंदरात उभ्या असलेल्या बॉनहोम रिचर्ड या अमेरिकी जहाजाला वाहनं ठेवायच्या खालच्या डेकवर आग लागली. ती चार दिवस धुमसत राहिली आणि जहाज शेवटी भंगारात गेलं. ते बंदरात होतं आणि मदत धक्क्यावर उभी होती. समुद्रात अग्निशमन दल म्हणजे जहाजावरची माणसंच.

बोट लागते तेव्हा

बोट लागण्याची लाज वाटून घेऊ नका. ट्रफाल्गरची लढाई जिंकणारा नेल्सनसुद्धा आयुष्यभर बोट लागण्यानं त्रासलेला होता. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळे सांगतात की समोरची भिंत स्थिर आहे, आणि या भांडणाचा निकाल पोटावर लागतो. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं.

गोळी घ्यायची तर जहाज निघण्याआधी तासभर. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. कानामागे लावायची पट्टी असेल तर ती आणखी कितीतरी तास आधी लावावी लागते. कोणतंही औषध जहाजाच्या डॉक्टरला किंवा वैद्यकीय सहायकाला विचारूनच घ्या. यातल्या बऱ्याच औषधांनी झोप येते, आणि त्या गुंगीत हत्यार हाताळणं किंवा शिडी चढणं धोक्याचं. पाळी असेल तर वरिष्ठाला आधी सांगा.

जहाजाचा मध्यभाग सगळ्यात कमी हलतो, पुढचं टोक सगळ्यात जास्त. मळमळायला लागलं की मध्याकडे आणि शक्य तितकं खाली सरका, किंवा परवानगी असेल तर उघड्या डेकवर जाऊन क्षितिजावर नजर ठेवा. वाचन आणि मोबाइल बंद. डोकं टेकवून स्थिर ठेवा. आडवं पडून डोळे मिटले तरी बराच आराम मिळतो.

उपाशी राहणं ही सगळ्यांची पहिली चूक. रिकाम्या पोटानं जास्त त्रास होतो. कोरडं, सौम्य, थोडं थोडं खात राहा आणि घोट घोट पाणी प्या. आल्यानं काही जणांना बरं वाटतं. पिशवी कायम खिशात ठेवा. कठड्यावरून वाकून ओकायला एकट्यानं कधीही जाऊ नका, रात्री तर नाहीच. दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा माणूस गुंगल्यासारखा वागत असेल, तर त्याला उचलून दवाखान्यात न्या. बंकाचा पडदा ओढून गप्प पडलेल्या माणसाला दर काही तासांनी हाक मारा. त्याला स्वतःला उठून सांगायची ताकद नसते.

दिवस कसा जातो

साधारण सहाच्या सुमारास उठवणं, साफसफाई, नाश्ता, हजेरी, मग व्यायाम, हत्यारांची देखभाल, वर्ग, सराव. संध्याकाळी पुन्हा सफाई, अधिकाऱ्यांची फेरी, दहाच्या सुमारास दिवे बंद. कर्मचाऱ्यांचा दिवस मात्र वॉचवर, म्हणजे कामाच्या पाळ्यांवर, चालतो. जुन्या पद्धतीत वॉच चार तासांचा असतो आणि दुपारी चार ते रात्री आठ यांचे दोन-दोन तासांचे दोन वॉच करतात. त्यामुळे दिवसाला सात वॉच होतात, आणि रोज त्याच माणसावर मध्यरात्रीची पाळी येत नाही.

पश्चिमेकडे निघाला असाल तर घड्याळ मागे करत जातात, पूर्वेकडे निघाला असाल तर पुढे; १५ रेखांशांना एक तास. पूर्वेकडे जाताना झोप तुटते, म्हणून त्या रात्री लवकर आडवे व्हा. विषुववृत्त ओलांडताना नवख्यांची थट्टा करायचा जुना सोहळा असतो. १८३२ मध्ये बीगल जहाजावर डार्विनचीही त्यातून सुटका झाली नव्हती. झाला तर मोकळ्या मनानं भाग घ्या. नकोसं वाटत असेल तर नाही म्हणा.

व्यायाम आणि पोहोचल्यावर करायच्या कामाची उजळणी रोज झालीच पाहिजे. आठ दिवस नुसता पडून राहिलेला सैनिक किनाऱ्यावर पाठीवर ओझं घेऊन धापा टाकतो.

पाणी, संडास, जेवण

गोडं पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यापासून बनतं आणि ते आधी इंजिनाला आणि स्वयंपाकाला लागतं. अंघोळ अशी: अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, नळ उघडा, धुवा. वाहतं पाणी एकूण दोन मिनिटं. पिण्याच्या पाण्यात काटकसर मात्र करू नका. खालच्या डेकांवर घाम खूप जातो.

संडासात कागदाशिवाय काहीही टाकू नका. एका ओल्या रुमालानं अख्ख्या विभागाचे संडास बंद पडतात आणि ते मोकळे करायला कुणाला तरी हात घालावा लागतो. हात साबण-पाण्यानंच धुवा. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस अशा गर्दीत झपाट्यानं पसरतो आणि हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या जेलला तो नीट दाद देत नाही. पोट बिघडलं तर लपवू नका, लगेच कळवा.

जेवणाच्या पाळीला वेळेवर जा, खा आणि जागा सोडा. मागे शेकडो जण उभे असतात. समुद्र खवळला असेल तर पेला अर्धाच भरा आणि ताट एका हातानं धरून ठेवा. कचरा वेगवेगळा टाका. प्लास्टिकचा एक तुकडाही पाण्यात जाता कामा नये.

घोषणा आणि गजर

भोंग्यावर आवाज आला की बोलणं थांबवा, हातातलं काम थांबवा आणि पूर्ण ऐका. तालीम असेल तर तसं सांगतात. तालमीतसुद्धा खऱ्यासारखंच वागा. आग, पाणी शिरणं, लढाईची तयारी, माणूस पाण्यात आणि जहाज सोडणं, यांचे गजर वेगळे असतात. ते ऐकून पाठ करा.

मस्टर स्टेशनवर पोचल्यावर सर्वांत मोठं काम म्हणजे गप्प उभं राहणं. २६ फेब्रुवारी १८५२ च्या पहाटे बर्कनहेड हे सैनिक नेणारं जहाज दक्षिण आफ्रिकेच्या डेंजर पॉइंटजवळ खडकावर आदळलं. होड्या थोड्या होत्या. बायका आणि मुलांच्या होडीकडे सगळे पोहत गेले असते तर ती उलटली असती, म्हणून सैनिकांना जागेवर उभं राहायला सांगितलं आणि ते रांगेत उभे राहिले. बहुतेक जण गेले, जहाजावरची सगळी बायका-मुलं वाचली. त्यातले बरेच सैनिक नुकतेच भरती झालेले होते. आज सगळ्यांना पुरतील एवढे तराफे असतात, पण मोजणी पूर्ण होईपर्यंत हललात तर कुणाला शोधायला माणसं पुन्हा धुरात पाठवावी लागतात.

कुणी पाण्यात पडलेलं दिसलं तर मोठ्यानं ओरडा, कोणत्या बाजूला ते सांगा, हाताशी येईल ते तरंगतं कडं फेका, आणि त्या माणसाकडे बोट दाखवत उभे राहा. नजर क्षणभरही हलवू नका. लाटांमध्ये डोकं पुन्हा सापडत नाही. त्याच्यामागे पाण्यात उडी मारायची नाही.

तुम्हीच थंड पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट श्वास आवरण्याचं. धाप लागते, तोंड पाण्याबाहेर ठेवा, शांत व्हा. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात दोरी किंवा तराफा गाठा. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो, म्हणजे घाबरून धडपडण्यापेक्षा वेळ जास्त असतो.

डेकवर आणि वाहनांजवळ

परवानगीशिवाय उघड्या डेकवर जायचं नाही, रात्री आणि खराब हवेत तर नाहीच. हेलिकॉप्टरच्या डेकवर टोपी, कागद, पिशवी काहीही सुटं नको. जमिनीवर पडलेल्या दोरीच्या वेढ्यात पाय ठेवू नका आणि ताणलेल्या दोरीच्या रेषेत उभे राहू नका. जाड दोर तुटून परत येतो तेव्हा माणसाला चिरून जातो.

वाहनं साखळ्यांनी बांधलेली असतात आणि साखळ्यांची तपासणी वरचेवर होते. तुमच्या तुकडीला ते काम मिळालं तर प्रत्येक साखळी हातानं ओढून बघा, नुसती नजर फिरवू नका. हवा खेळती असल्याची खात्री केल्याशिवाय तिथे इंजिन सुरू करायचं नाही.

मोकळा वेळ

तो अपेक्षेपेक्षा जास्त असतो आणि भांडणं त्यातच होतात. पुस्तक, पत्ते, बुद्धिबळ, वही, काहीतरी हाताशी ठेवा. कर्मचाऱ्यांना मदत लागली, विशेषतः सामान चढवताना, तर पुढे व्हा. इंजिनाकडचा एखादा खलाशी फावल्या वेळात त्याचं काम आनंदानं समजावून सांगतो. विचारून बघा. एखादा सोबती जेवायला येईनासा झाला, बोलेनासा झाला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि तुमच्या वरिष्ठाला किंवा डॉक्टरला त्याच दिवशी सांगा. समुद्रावर एकटेपणा फार लवकर दाट होतो.

उतरताना

आदल्या रात्रीच पिशवी बांधा. गादी पुसा, कप्पा रिकामा करा, लाइफजॅकेट आणि श्वसनसंच मोजून परत द्या. हत्यारं आणि दारूगोळा ठरल्या क्रमानंच मिळतो, तिथे घाई करू नका. काही जहाजं मागच्या टाक्यांत पाणी घेऊन शेपटाकडचा भाग मुद्दाम खाली बसवतात, म्हणजे आतल्या गोदीत पाणी येतं आणि उतरवणाऱ्या होड्या तरंगत बाहेर पडतात. तशा होडीतून जायचं असेल तर सांगितलेल्या जागीच बसा. सगळे एका बाजूला सरकले तर होडी कलते.

जमिनीवर पाय ठेवल्यावर ती हलते आहे असं वाटेल. बहुतेकांचं ते काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जातं. तोवर उंचावर चढणं आणि अवजड वाहन चालवणं टाळा, पाणी प्या, नीट झोपा. डोलणं दोन-तीन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.